दोनशेपैकी अठ्ठ्याऐंशी

प्रवेश परीक्षेच्या चौकशी खिडकीवर सुताराने शेजारी उभ्या लेकीच्या निकालाचा कागद आपटला. मागे रांगेत उभ्या असलेल्या शिंपिणीने कान टवकारले.

"साहेब, पोरीचं नाव यादीतून काढा. दोनशेपैकी अठ्ठ्याऐंशी! निम्मेसुद्धा नाहीत."

"अहो, ते गुण नाहीत. पर्सेंटाइल आहे."

"मला शिकवू नका. तीस वर्षं सुतारकाम करतोय, मापात कधी चुकलो नाही."

"हे लाकडाचं माप नाही. परीक्षेला बसलेली इतर शंभर मुलं रांगेत उभी केली, तर अठ्ठ्याऐंशी तुमच्या मुलीच्या मागे."

"मागे? आणि पुढे?"

"जेमतेम बारा."

"मग गुण किती?"

"एकशे बेचाळीस, बाबा. त्याच कागदावर, वरच्या ओळीत. तीनदा दाखवलं तुम्हाला."

"उलटून बोलू नकोस."

"वाद घरी घाला. परवा तोंडी परीक्षा, ती झाली की हिची जागा पक्की. हा घ्या नाव काढायचा अर्ज. भरताय?"

"थांबा हो! काय गं, तू गप्प का?"

"काय बोलू? आठवडाभर 'ढ' म्हणालात. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा."

"बरं, साहेब, राहू द्या नाव. चल घरी, अभ्यासाला बस."

"कशावरून करू? माझी पुस्तकं सोमवारी तुम्हीच रद्दीत घातलीत."

शिंपीण खोकली. रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"रद्दीवाला ओळखीचा आहे. आत्ता आणतो परत."

"चौदा होती, बाबा. या वेळी नीट मोजून घ्या."