फक्त फिरायला

किंग्स्टनच्या धक्क्यावर सरोवरात फिरवणाऱ्या बोटीच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"मार्लीन, विचारलंच तर आपण फक्त फिरायला आलोय."

"पोटच्या पोरीला असं सांगायचं, वेंडेल?"

"इतक्या वर्षांत एकदा तरी फोन उचललाय का तिने?"

"घराबाहेर तूच काढलंस तिला."

"हळू बोल. तिकिटं तीच तपासतेय."

"तिने ओळखच दाखवली नाही तर?"

"तर बोटीत बसायचं, सरोवर बघायचं आणि घरी जायचं."

"मी पुढे होते. तिकिटं माझ्याकडे दे."

रांग सरकली. गणवेशातल्या मुलीने तिकिटं फाडली आणि मान वर न करताच म्हणाली,

"वर वारा फार आहे, बाबा. आईला खाली बसव. आणि उतरल्यावर लगेच निघून जाऊ नका."