निधी स्टॉकहोमला बोलायला शिकली

मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष दीनानाथराव, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, समस्त ग्लासगोकर बंधुभगिनींनो, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती माझी भाची निधी,

मी सुप्रभा, निधीची मावशी. लंडनच्या एजवेअरहून आले आहे. मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलंय. जास्त झाले तर कृपया पुढून खुणावू नका, मी बघणार नाही.

प्रथम अध्यक्षांचे आभार. निधीला जन्मापासून ऐकू येत नाही, ती समोरच्याचे ओठ वाचते, हे त्यांनी किती हळव्या शब्दांत सांगितलं! फक्त तेवढा वेळ माईक त्यांच्या ओठांसमोर होता. निधीला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिनं टाळ्या वाजवल्या, कारण तुम्ही वाजवल्यात.

ही मुलगी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही ओठांवरून वाचायला शिकली. खुणांची भाषा मात्र तिला शिकू दिली नाही. ग्लासगोत वर्ग नव्हते का? होते की, घरापासून चालत जाण्याइतके जवळ. पण याच मंडळातल्या जाणत्या बायकांनी माझ्या बहिणीला, मधुमतीला, बजावलं होतं की पोरगी हात हलवायला लागली की चारचौघांत कळेल, मग लग्न कसं जमणार? म्हणजे लग्नानंतर नवऱ्याला कळणारच नव्हतं, असा हिशोब असावा.

दोन हजार सहाच्या जानेवारीत निधी एका सेमिस्टरसाठी स्टॉकहोमला निघाली, तेव्हा केवढी हळहळ! ऐकू न येणारी मुलगी, परका देश, त्यात तो अंधार आणि बर्फ; आईबापांना काळजी आहे की नाही? काळजी! दर दिवाळीला तिला कडेच्या खुर्चीवर बसवायचं आणि हातात फराळाची प्लेट द्यायची, याला आपण काळजी म्हणत होतो.

तिथे युनिव्हर्सिटीतल्या एका बाईंनी तिला विचारलं, लेक्चरला दुभाषा देऊ, तुमची खुणांची भाषा कोणती? निधी म्हणाली, कुठलीच नाही. बाईंना वाटलं, हिला प्रश्नच कळला नाही. त्यांनी तो कागदावर लिहून पुन्हा विचारला. निधी सांगते, त्या दिवशी तिला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. लाज खरं तर कुणाला वाटायला हवी होती, ते मी या सभागृहावर सोडते.

तिच्या होस्टेलमध्ये एलिन नावाची मुलगी होती, तिलाही ऐकू येत नव्हतं. तिनं निधीला हाताला धरून किचनच्या ओट्यापाशी उभं केलं. चहा, दूध, माझं, पुरे, अजून, एकेकाची खूण दाखवली. तिथून सुरुवात झाली. एप्रिलमध्ये मला निधीचा मेसेज आला: 'मावशी, टेबलावर सगळे एकदम बोलत होते आणि मला सगळं कळला.' व्याकरणाला हसायचं असेल त्यांनी बाहेर जाऊन हसावं.

मे महिन्यात मधुमती तिला भेटायला गेली. त्याच किचनमध्ये मुलींचे हात भराभर चालले होते आणि अचानक सगळ्याजणी खो खो हसल्या. मधुमतीनं निधीचा दंड धरून विचारलं, काय झालं गं?

निधी म्हणाली, "काही विशेष नाही आई, नंतर सांगते."

तिच्या मनात काहीही नव्हतं. पण हे वाक्य तिनं उचललं कुठून? लग्न असो, पंगत असो, कुणाचा वाढदिवस असो, सगळे हसले की निधी आईला विचारायची, आणि आई नेमकं हेच सांगायची. ते 'नंतर' कधी आलंच नाही. मधुमती मला म्हणाली, "ताई, मी तिथे एक संध्याकाळ बसले गं. ती आमच्यात एकवीस वर्षं बसली."

त्या वर्षीच्या दिवाळीत निधी इथे, सर्वांसमोर, हात उंचावून खुणांनी बोलली. एक जाणत्या बाई मधुमतीपाशी आल्या. नाव घेत नाही, त्या आज हार घेऊन पहिल्या रांगेत बसल्या आहेत. म्हणाल्या, हात खाली ठेवायला सांग, बरं दिसत नाही. माझी बहीण आयुष्यभर सगळ्यांना 'हो' म्हणत आलेली. ती म्हणाली, "मग तुम्ही दुसरीकडे बघा." आणि तिनं त्याच आठवड्यात त्या जवळच्या वर्गात नाव घातलं. निधीनंही घातलं, कारण इथली खुणांची भाषा वेगळी. मायलेकी एका बाकावर बसून शिकल्या.

आता निधी पुन्हा स्टॉकहोमला चालली आहे, तिच्यासारख्या मुलांना शिकवण्याचं शिक्षण घ्यायला. दोन वर्षांसाठी म्हणते. परत येण्यासारखं इथे काय ठेवायचं, ते तुम्ही ठरवा.

मंडळानं मला बोलू दिलं, त्याबद्दल ऋणी आहे. शब्द कमीजास्त झाला असेल तर निधीनं मला माफ करावं. बाकीच्यांकडे मी आज काही मागत नाही.

कार्यक्रमपत्रिकेत यानंतर अल्पोपाहार आहे. निधीचं भाषण त्यात नाही, कुणाला सुचलंच नसावं. पण ती आता बोलणार आहे, तिच्या हातांनी, आणि शेजारी उभी राहून मधुमती ते तुम्हाला मराठीत सांगणार आहे. समोसे गार झाले तरी चालतील. बसा.