डावीकडे कलणारा ट्रेलर

हार्डवेअरच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एक भाऊ-बहीण उभे होते.

"दादा, झाला का तुझा सहलीला आत झोपायचा ट्रेलर?"

"झाला गं. नुसती लाकडी चौकट आणि फोम. एका हाताने ढकलायचो. पण गादी टाकल्यापासून डावीकडे कलतो."

"चाकात हवा कमी असेल."

"भरून पाहिली. स्प्रिंगही बदलली. तुझ्या वहिनीच्याच बाजूला कलतो. आठवतं, झोपायच्या जागेचं माप घ्यायला ती फोमवर आडवी झाली होती? मी तिच्याभोवती पेन्सिल फिरवून तेवढा तुकडा कापला होता."

"वहिनी गेल्यावर तो तुकडा टाकून दे, म्हटलं होतं मी."

"टाकवेना गं. तळाला बसवला आणि वरून प्लायवूड चिकटवलं."

"अरे देवा! आजच्या आज उपटून काढ तो."

"त्यासाठी आधी आत तर शिरता आलं पाहिजे."

"म्हणजे?"

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. "बोला काका, काय देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"आतून लावली तरी बाहेरून उघडता येईल, अशी कडी आहे का हो?"

"आहे ना. घरातली मुलं खेळताना लावून घेतात वाटतं?"

"नाही हो. घरात मी एकटाच असतो."