कोहिनूरच्या हातची फुलं

मंडळी, ऐका! आज सरळ प्रश्नालाच हात घालतो. ज्या माणसाचं तोंड आपण पाहिलं नाही, ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही, त्याच्या दुःखाचा दोष आपल्या माथी येतो का हो? घाई नको. आधी गोष्ट ऐका, मग सांगा.

मिरजेत हेरंब चिकोडे नावाचे व्यापारी. सज्जन गृहस्थ! रोज पूजा, चतुर्थीचा उपास — आणि उपासाला साबुदाणा असा, की उपास सुटल्यासारखाच वाटावा! धंदा काय? देवाच्या सजावटीचा. कापडी फुलांच्या माळा, तोरणं. माल यायचा बांगलादेशातून, ढाक्याजवळच्या एका कारखान्यातून. गणपती जवळ आले. हेरंबरावांनी मॅनेजरला निरोप धाडला — "आठ दिवस आधी माल पाहिजे. नाहीतर घेणार नाही!" बोटानं टाइप केलं, फोन खिशात टाकला, आरतीला उभे राहिले. झालं!

पण जीव राहीना. स्वतःच गेले बघायला. मॅनेजर तालुकदार मोठा अगत्यशील. म्हणाला, "साहेब, आधी जेवण, मग कारखाना." भर दुपार. समोर मोठा मासा आणून ठेवला! हेरंबराव दचकले — "अहो, मी शाकाहारी!" मग लुच्या, म्हणजे आपल्या मैद्याच्या पुऱ्या आल्या, बटाट्याची भाजी आली, मिठाई आली. जेवण तासभर चाललं. (हसा, मंडळी, हसून घ्या. पुढं हसता येणार नाही.)

जेवून दोघं कारखान्यात पोचले. जिना चढतात तो — धाड! धाड! धाड! आतून कुणीतरी दार बडवतंय. बाहेरून भलं मोठं कुलूप!

"हे काय?" हेरंबराव म्हणाले.

"काही नाही, साहेब. बायका सारख्या पाण्याला, हवेला बाहेर येतात. काम मागं पडतं."

आणि किल्ली? अहो, किल्ली मॅनेजरच्या खिशात! तासभर इकडं मिठाई चालली होती, आणि साठ बायकांच्या दाराची किल्ली त्याच्या विजारीच्या खिशात!

दार उघडलं. आतून फुलं चिकटवायच्या रासायनिक डिंकाचा उग्र भपकारा आला, डोळ्यांतून पाणी काढणारा. वीज गेलेली, पंखे बंद, खिडक्यांवर पत्रे ठोकलेले. बायका खोकत बाहेर कोसळल्या. आणि त्या धांदलीत हेरंबराव काय बोलले असतील? सांगा ना! देवभक्त माणूस, काय बोलला असेल?

"माल ठीक है ना?"

हो, मंडळी. हेच बोलले.

दाराशी शेफाली नावाची बाई होती. बडवून बडवून तिच्या मुठी फुटलेल्या. मांडीवर दुसरीचं डोकं. तिनं वर पाहिलं. ओरडली नाही, शिवी दिली नाही. हळू म्हणाली, "माल ठिक आछे, साहेब. मानुष मोरे जाच्छे."

अर्थ सांगू का? नको ना! बंगाली न येणाऱ्या हेरंबरावांनाही कळला — माणूस मरतंय!

मांडीवरची ती कोहिनूर. वय चाळीस. कळ्या चिकटवण्यात तिच्यासारखा हात नाही, असं सगळ्या म्हणायच्या. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. वाटेतच गेली.

दुसऱ्या दिवशी बायका कामावर आल्या, पण आत जाईनात. उंबऱ्याबाहेर बसल्या. शेफाली म्हणाली, "कुलूप काढा. खिडक्या उघडा. मग हात चालतील."

तालुकदार गरजला, "सगळ्यांना काढून टाकीन!" आणि हेरंबरावांकडं वळला. "साहेब, तुम्हीच सांगा यांना, माल कधी पाहिजे ते!" फोन पुढं केला. त्यावर काय? हेरंबरावांचाच निरोप! "कुलूप मी लावलं, साहेब. पण घाई कुणाची होती?"

अरे देवा! माणसाला स्वतःचीच अक्षरं वाचवेनात!

हेरंबराव शेफालीपुढं गेले, हात जोडले. म्हणाले, "ताई, घाई माझी होती." मॅनेजरला म्हणाले, "माल होईल तेव्हा होऊ दे. पण यातली एक बाई काढलीस, किंवा दाराला पुन्हा कुलूप दिसलं, तर चिकोड्यांचं नाव विसर!" सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक ते! त्याच दुपारी पत्रे उचकटले, कुलूप निघालं. बायका आत गेल्या. कोहिनूरची जागा मात्र रिकामीच राहिली. तिथं बसायला कुणी तयार होईना.

त्या गणपतीत चिकोड्यांच्या दुकानात माळा नव्हत्या. गिऱ्हाइकं चिडली, शेजारच्या दुकानात गेली. तिथं माळा होत्या! आठ दिवस आधी आलेल्या! कुठून आल्या, कशा आल्या — विचारलं का कुणी?

का बघताय खाली? हे माझ्यामागचं मखर बघा. केवढी सुंदर फुलं! मी तरी विचारलं का? इथं आल्यावर मी विचारलं, चहात आलं घातलंय का! चाळीस वर्षं दया-दया म्हणतोय या तोंडानं, आणि पाठीमागं कुणाच्या हातची फुलं आहेत, मला ठाऊक नाही!

उत्तर मिळालं ना, मंडळी? मग उद्यापासून दुकानात भाव विचाराल, रंग विचाराल, तिथंच हेही विचारा. दुकानदार वैतागेल. वैतागू दे! पुन्हा विचारा!

चला, टाळ उचला. देवाचं नाव घेऊच. पण आधी, एकदाच, मोठ्यानं तिचं घ्या —

कोहिनूर!