तिरपा बांबू

"पद्धत हाय" असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मी शाळेत गेले नाही, पण कारण विचारल्याशिवाय राहत नाही. दुष्काळ सरला त्या साली रहिमतपुरात आमच्या घराला गिलावा चालला होता. बांबू बांधून केलेल्या परांचीवर चढलेल्या बाबू गवंड्याला मी विचारलं, "ह्यो तिरपा बांबू कशाला रं?"

"पद्धत हाय, आक्का."

पलटणीतनं सुट्टीवर आलेल्या माझ्या दिरानं ते ऐकलं. त्या बांबूत जाता-येता आमच्या म्हशीची शिंगं अडकत होती. "नुसती पद्धतच हाय न्हवं?" म्हणत त्यानं दोरी कापून बांबू काढला. सगळी परांची एका अंगाला कलली! बाबू खिडकीच्या गजाला लोंबकळला. शिडी लावून त्याला उतरवला.

मी बाबूवर ओरडले, "आता तरी कळलं का, बांबू कशाला हुता?"

तो म्हणाला, "मगाधरनं सांगतोय न्हवं, आक्का! पद्धत हाय!"