टोबी ग्रेबरची सुरुवात

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि हिकरी ग्रोव्ह कॉलेजच्या प्रमुख डॉ. मॅरियन ओयर, व्यासपीठावर काहीसे अवघडून बसलेले आमचे सत्कारमूर्ती कोच वर्लिन हॉस्टेटलर, त्यांच्या शेजारी प्रसन्नपणे बसलेल्या त्यांच्या पत्नी लोइसकाकू, सेंट ऑडो कॉलेजहून मुद्दाम आलेले कोच कझमारेक, आजी-माजी खेळाडू, त्यांचे आईवडील, आणि मागच्या टेबलांवर नूडल्स वाढून घेता घेता माझं ऐकणारी सगळी गावकरी मंडळी,

तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी केंड्रा मास्ट. मुलांच्या सॉकर संघाची मी चार वर्षं व्यवस्थापक होते. 'व्यवस्थापक' म्हटल्यावर माझ्या आईला वाटलं होतं, पोरीला स्वतंत्र खोली मिळाली असणार. खोली मिळाली होती, पण तिच्यात दोन वॉशिंग मशीन आणि संघभराचे मोजे होते. गेल्याच आठवड्यात मी पदवीधर झाले. आमच्या घरात ही पहिलीच पदवी. त्यामुळे माझे बाबा आज कॅम्पर गाड्यांच्या कारखान्यातली पाळी बदलून इथे आलेत, आणि मी कुठे अडखळते का ते पाहताहेत.

कोचबद्दल बोल, असं मला सांगण्यात आलं. काय बोलावं? त्यांचे सामने आणि विजय आमच्या डीननी आत्ताच वाचून दाखवले. पण डॉ. ओयर, आपण जानेवारीत इथे रुजू झालात, म्हणजे नोव्हेंबरमधला आपल्या कॉलेजांच्या गटाचा, कॉन्फरन्सचा अंतिम सामना आपण पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी मला सांभाळून घ्यावं. तो सांगितल्याशिवाय मला कोच सांगता येणार नाहीत.

आमच्याकडे एक रीत आहे. मोसमात घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात शेवटच्या वर्षाची सगळी मुलं मैदानात उतरून सुरुवात करतात. चार वर्षं बाकावर बसलेलासुद्धा. आई फुलं घेऊन उभी असते, वडील फोटो काढतात. यंदा तो सामना विजा कडाडल्यामुळे पुढे ढकलला गेला, आणि ढकलला तो नेमका टोबी ग्रेबरच्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी. टोबी तिकडे कॅन्सासला. टोबी, उभा राहा जरा. हा टोबी. बचावफळीत खेळतो. म्हणजे खेळला असता. चार वर्षांत एकाही सामन्याची सुरुवात त्याला मिळाली नव्हती, आणि सराव मात्र त्याने एकदाही चुकवला नाही.

परत आल्यावर टोबी कोचना म्हणाला, "जाऊ द्या कोच. लग्नात जेवण चांगलं होतं."

कोच म्हणाले, "जाऊ कसं देऊ? घरच्या पुढच्या सामन्यात सुरुवात तू करायची."

सगळे हसले, कारण घरी पुढचा सामना होणारच नव्हता. कॉन्फरन्सच्या स्पर्धेत चार संघ, आणि ज्याचा क्रमांक वरचा त्याच्या मैदानावर सामना. आमचा क्रमांक तिसरा. पण झालं काय, की आम्ही दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला त्यांच्या घरी हरवलं, आणि त्याच संध्याकाळी चौथ्या क्रमांकाच्या सेंट ऑडोने पहिल्या क्रमांकाला गार केलं. बसमध्ये ही बातमी आली तेव्हा मुलं नाचायला लागली. अंतिम सामना आपल्या मैदानावर. मी पुढच्या सीटवर होते. कोच नाचत नव्हते. ते मागे वळून टोबीकडे पाहत होते.

कॉन्फरन्सचा कप कोचना कधीच मिळाला नव्हता. चार वेळा अंतिम सामना खेळून ते चार वेळा हरले होते, आणि हा त्यांचा शेवटचा मोसम. जिंकणारा संघ राष्ट्रीय स्पर्धेला जाणार, हरणारा घरी. आणि अशा सामन्यात टोबीला उतरवायचं?

टोबी स्वतः जाऊन म्हणाला, "कोच, मी तुम्हाला शब्दातून मोकळं करतो."

"तू कोण मोकळं करणारा? शब्द माझा आहे."

शेवटी सेंट ऑडोचे कोच कझमारेक यांनीच फोनवर तोडगा सुचवला. म्हणाले, पहिला चेंडू आम्ही घेतो आणि सरळ बाहेर ढकलतो. तुम्ही टाळ्या वाजवा, टोबीला बदला, मग खरा सामना सुरू करू. किती छान. त्यांनी आपल्या सगळ्या मुलांना हे समजावून सांगितलं. राहिला फक्त एरलेंड. तो पहिल्याच वर्षाचा, नॉर्वेहून आलेला, आणि त्या वेळी घोट्याला पट्टी बांधून घेत होता.

सामना सुरू झाला. त्यांच्या मुलाने चेंडू हळूच रेषेकडे ढकलला. आमची सगळी मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. टोबी आईला हात करत होता. एरलेंडला वाटलं, पास चुकला. तो जिवाच्या आकांताने धावला, रेषेवर चेंडू अडवला आणि सुटला. आमचा गोलकीपर हातमोज्यांनी टाळ्या वाजवत होता, त्याच्या बाजूने चेंडू जाळ्यात. एरलेंड हात पसरून कोपऱ्यापर्यंत धावत गेला. मिठी मारायला कोणीच आलं नाही. नंतर तो मला म्हणाला, "मला वाटलं, अमेरिकेत लोक असेच थंड असतात."

कोच कझमारेक कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे बाबा, काय केलंस हे?"

"गोल केला, कोच."

पंचांचा इलाज नव्हता. नियमाने गोल तो गोल. पण कोच कझमारेक यांनी आपल्या मुलांना जागेवर उभं राहायला सांगितलं. तुम्हीही एक करून घ्या, मग बरोबरी. आणि आमचे कोच ओरडले, "टोबी, तू घेऊन जा."

टोबी चेंडू घेऊन निघाला. दोन्हीकडचे प्रेक्षक टाळ्यांचा ठेका धरून होते. त्यांचा गोलकीपर खांबाला टेकून उभा. नुसता पायाने सरकवला असता तरी चेंडू आत गेला असता. पण टोबीला वाटलं, आयुष्यातला पहिला गोल असा कसा सरकवायचा? त्याने जोर लावून मारला. चेंडू आडव्या दांड्यावरून थेट पलीकडे, मक्याच्या कापलेल्या शेतात.

टाळ्यांचा ठेका तुटला. मग फक्त टोबीच्या बहिणीचं, म्हणजे त्या नव्या नवरीचं हसू ऐकू आलं.

आता आम्ही एका गोलने मागे, आणि भेट म्हणून मिळालेला गोलही आम्हीच हुकवलेला. सहायक कोच घाईने म्हणाले, "काढू या ना त्याला आता?"

कोच म्हणाले, "आत्ता काढला तर हा फटका घेऊन तो जन्मभर फिरेल. खेळू दे."

बाबा कुंपणापाशी येऊन मला म्हणाले, "केंड्रा, तुझ्या कोचचं डोकं फिरलंय. कारखान्यात असं केलं तर लाइन बंद पडेल." बाबा, आठवतंय ना?

टोबी मध्यंतरापर्यंत खेळला. मी खोटं सांगणार नाही, साधारणच खेळला. पण एरलेंडला त्याने पुन्हा जाळ्याजवळ फिरकू दिलं नाही. उत्तरार्धात लुईस अरियागाने डोक्याने बरोबरी साधली, जादा वेळही तसाच संपला, आणि पेनल्टीची पाळी आली. कोच विचारत होते, कोण मारणार? टोबीने हात वर केला.

"खाली कर."

"कोच, आता मला कळलंय किती जोरात मारायचा."

"मलाही कळलंय. म्हणूनच खाली कर. माझा शब्द सुरुवातीपुरता होता."

तेवढ्यावर सगळी मुलं इतकी हसली की पेनल्टीची धास्तीच विसरली असावीत. आमची एकही पेनल्टी हुकली नाही. कप आमचा झाला. आमच्याकडच्या नियमाने पेनल्टीवर जिंकलेला सामना नोंदीत बरोबरी म्हणून जातो, म्हणून डीननी मघाशी वाचलेल्या विजयांमध्ये कोचचा सर्वांत मोठा विजय नव्हताच.

त्यानंतर स्थानिक वर्तमानपत्राच्या वार्ताहराने कोचना विचारलं, "एका मुलासाठी तुम्ही सगळं पणाला लावलंत. हरला असतात तर?" मी बाजूलाच बाटल्या गोळा करत होते. मला वाटलं, कोच काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "तर हरलो असतो. टोबीने सुरुवात तर केली असती."

ऑगस्टपासून मी एका शाळेत शिकवणार आहे. मुलांना शिक्षक कितीतरी गोष्टी सहज कबूल करतात, नाही का? दिलेला शब्द मागायला ती मुलं बहुधा येत नाहीत. जाऊ द्या, म्हणतात. कोच, जाऊ द्या म्हणणाऱ्या मुलाला काय उत्तर द्यायचं, ते मी तुमच्याकडून शिकले.

लोइसकाकू, इतकी वर्षं तुम्ही कोचना आमच्यात वाटून घेतलंत, तुमचे आभार. कोच कझमारेक, तुमचेही, आणि एरलेंडला आमचा नमस्कार सांगा. मला बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांची मी ऋणी आहे. सभेत बोलायची सवय नाही, काही कमी-अधिक झालं असेल तर पोटात घाला. टोबीच्या बाबतीत अधिकच झालं आहे. त्याबद्दल टोबीची आणि त्याच्या आईची वेगळी माफी मागते, आणि थांबते.