दर दोन तासांनी

मोडलेल्या पायाला वजन लावलेली लेक वर वॉर्डात सकाळपासून अगदी शहाण्यासारखी निपचित पडून होती, म्हणून तिची आई निर्धास्तपणे खाली औषधांच्या रांगेत आली. पुढे दोघी जावा उभ्या होत्या.

“ताई, सासूबाईंना कुशीवर वळवलंत ना?”

“अगं, गाढ झोपल्यात. कशाला उठवायचं?”

“दर दोन तासांनी वळवा, एकाच जागी दाब पडला की जखम होते, म्हणाल्या होत्या सिस्टर!”

“सिस्टर काय, घड्याळच गिळून बसल्यात! माकडहाडाशी लाल झालंय, तिथं मी तेल लावून चांगलं खसाखसा चोळलं.”

“चोळलंत? चोळायचंच नाही म्हणाल्या त्या! बोटानं दाबल्यावर लाली जाते का, ते बघायचं होतं.”

“नाही गेली. म्हणून तर आणखी चोळलं.”

“दुखतंय म्हणाल्या?”

“छे! चकार शब्द नाही. सोशीक आहे म्हातारी. अशी काय बघतेस?”

“कमरेखाली बधिर आहेत त्या, ताई. त्यांना कळणार कसं?”

“...तू औषध घे. मी वर जाते.”

“आधी सिस्टरना सांगा!”

रांग सरकली, पण मागे उभ्या असलेल्या आईची जागा रिकामीच राहिली. वर वॉर्डात धापा टाकत ती लेकीच्या टाचेखाली हात घालत होती.

“बाळा, इथं दुखतंय का गं?”

“सकाळी खूप दुखत होतं. आता काहीच कळत नाही.”

“सिस्टर!”